टेंपररी सार

सारांना कुणी नव्या माणसानं "आपण काय करता?" असं विचारलं, की ते "टेंपररी" एवढंच सांगायचे. मास्तर आहे, इंग्रजी शिकवतो, अमक्या शाळेत आहे, यातलं काही नाही. विचारणारा गोंधळायचा. सार डोळे बारीक करून त्याची जरा गंमत बघायचे आणि मग खुलासा करायचे. शाळेतले इंग्रजीचे जुने मास्तर आजारी रजेवर गेले, तेव्हा त्यांच्या जागी सारांना घेतलं होतं. जुने मास्तर खडखडीत बरे झाले, पण परत आले नाहीत. ते त्रिचीला लेकीकडे जाऊन राहिले. त्यांनी राजीनामा दिला नाही, शाळेनं मागितला नाही, आणि सार त्या रजेच्या जागेवर म्हातारे झाले. दर जूनमध्ये शाळा त्यांना नव्यानं नेमायची आणि दर जूनमध्ये सार नवा सदरा घालून, पहिल्यांदाच जात असल्यासारखे, हजर व्हायचे.

गल्लीत त्यांना सगळे टेंपररी सार म्हणायचे. सार म्हणजे सर. तमिळमध्ये तो शब्द असाच ताणून म्हणतात, आणि आम्ही तंजावूरची मराठी माणसं निम्मं तमिळ बोलतो आणि उरलेल्या निम्म्यात इंग्रजी कालवतो. राजवाड्यामागच्या त्या गल्लीत घराघरांत मराठी होतं, पण ते बोलण्यापुरतं. देवनागरी वाचायला मी शिकले ती लग्न होऊन पुण्याला आल्यावर. माझं इंग्रजी मात्र तिथलं, सारांच्या ओट्यावरचं. सारांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी एखादा इंग्रजी शब्द कुठं वापरावा असं अडलं, की मला अजून त्यांचा आवाज ऐकू येतो.

शिकवायची त्यांची तऱ्हा निराळी होती. शब्दाचा अर्थ पाठ केलेला त्यांना चालत नसे. "अर्थ राहूं दे," ते म्हणायचे, "हा शब्द कुणाशेजारी बसतो ते बघ." लग्नाच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं यावरून नाती कळतात, तसं काहीसं ते होतं. आणि सगळ्या विशेषणांत त्यांचं लाडकं विशेषण अर्थातच टेंपररी. त्यावर ते दरवर्षी अख्खी संध्याकाळ घालवायचे. आम्ही मुलं आपली 'टेंपररी म्हणजे थोडा वेळ टिकणारं' असं लिहून मोकळी व्हायचो. सार मान हलवायचे.

"अस्कं चुकलं," ते म्हणायचे. अस्कं म्हणजे सगळं, हा आमच्याकडचा शब्द. "लवकर संपतं ते शॉर्ट. लवकर संपतं आणि संपलं म्हणून बरं वाटतं ते ब्रीफ, हेडमास्तरांच्या भाषणासारखं. टेंपररी वस्तू वर्षानुवर्षं टिकेल. पण ती दुसऱ्या कुणाच्या जागेवर उभी असते. तो खरा आला, की हिनं बाजूला व्हायचं. तो उद्या येवो, नाही तर वीस वर्षांनी."

मग आमची परीक्षा सुरू. पाऊस टेंपररी? नव्हे, पाऊस कुणाच्या जागी पडत नाही. दातदुखी? नव्हे, पण दातात डॉक्टरनं भरलेलं सिमेंट टेंपररी. नदीवर नवा पूल होईपर्यंत बांधलेला लाकडी पूल टेंपररी, मग त्यावरून दोन पिढ्या जावोत. एकानं 'आमचा कलेक्टर टेंपररी आहे' असं वाक्य केलं, तर सारांनी त्याला शाबासकी दिली आणि हे बाहेर कुठं बोलू नकोस म्हणून बजावलं.

नव्वदीच्या सुरुवातीचे ते दिवस. देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात यायचं. आमच्या गल्लीत ते उघडले म्हणजे मुलगे बाहेर जायला लागले. सारांचा धाकटा भाऊ रघू कंप्युटर शिकलेला. त्याला अमेरिकेत नोकरी लागली, पण कंपनी आज या गावात काम देणार, उद्या त्या गावात. बायकोलाही तिकडे काम मिळत होतं. मुलगी मालू दीड वर्षाची. सार आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या मामी, यांना मूलबाळ नव्हतं. तेव्हा, एका ठिकाणी घर लागेपर्यंत मालू तंजावूरला राहील, असं ठरलं. रघू आणि त्याची बायको रडत रडत निघून गेली आणि सारांनी मालूला कडेवर घेऊन ओट्यावर उभं राहून, कुणी न विचारताच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "हे टेंपररी आहे."

आणि त्यांनी ते मनापासून पाळायचं ठरवलं. मालूचे कपडे कपाटात ठेवायचे नाहीत, तिच्याबरोबर आलेल्या बॅगेतच ठेवायचे, असा त्यांचा हुकूम होता. मामी ते गुपचूप कपाटात लावायच्या, सार ते पुन्हा बॅगेत भरायचे. मालूनं त्यांना पेरियप्पा म्हणायचं, म्हणजे थोरला बाप, वडलांचा मोठा भाऊ. लहान तोंडाला तो शब्द लांब पडायचा, ती नुसतंच अप्पा, म्हणजे बाबा, म्हणायची. सार दर वेळी हातातलं काम थांबवून "पेरियप्पा" म्हणून दुरुस्त करायचे. मामींना ते बघवायचं नाही. "म्हणूं दे की लेकराला, तुमचं काय जातं?" त्या म्हणायच्या. सार म्हणायचे, "माझं जातं म्हणूनच सांगतों."

मामींच्या बोटांना संधिवात होता, वेणी घालताना बोटं वळायची नाहीत. मग सार शिकले. प्रथम वेणीच्या नावानं जे व्हायचं त्याला आम्ही मुली हसून हसून बेजार व्हायचो. सार म्हणायचे, "हसूं नका, टेंपररी आहे, मामीचा हात बरा होईपर्यंत." हात बरा झाला नाही आणि सारांचा हात असा बसला, की गल्लीतल्या बायका आपल्या मुलींना त्यांच्याकडे पाठवायच्या. सकाळी ओट्यावर सार लुंगीसारखी वेष्टी खोचून बसलेले, पुढं मालू, मांडीवर कनकांबराचा, म्हणजे आपल्या अबोलीचा गजरा, आणि तोंडानं कुणाला तरी क्रियापदाची रूपं सांगणं चाललेलं. सायकलच्या दांड्यावर लहान सीट बसवली, तीही टेंपररी. त्या सायकलवरून ती बालवाडीत गेली, मग शाळेत. सार तिला लाडानं कण्णा म्हणायचे, म्हणजे बाळा. रविवारी दोघं बसनं तिरुवैयारुला जायची, कावेरीच्या पायऱ्यांवर बसून चुरमुरे खायची आणि संध्याकाळी परत यायची. मामी दारात उभ्या. एवढ्या सुखाला टेंपररी म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रघू काही वाईट माणूस नव्हता. दर रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन यायचा. बूथवाले सेल्वम रस्त्यातूनच हाक मारायचे आणि सार मालूला घेऊन पळत सुटायचे. दर फोनवर रघू "आता थोडंच राहिलं, अण्णा" म्हणायचा. एका घराचं दुसरं झालं, कागदपत्रं अडकली, मग सुटली. मालू तोवर सहा-सात वर्षांची झाली होती. आधी ती फोनवर बडबडायची, पुढं तिला ढकलून रिसीव्हरपाशी न्यावं लागायचं.

तोपर्यंत माझं बीए झालं होतं आणि लग्न ठरेपर्यंत मी सारांच्या लहान मुलांच्या शिकवणीला मदत करत होते. मालूही त्या मुलांत येऊन बसायची. एका संध्याकाळी सारांनी त्यांचं लाडकं विशेषण काढलं. मुलांनी पूल सांगितला, दिवा गेल्यावर लावलेली मेणबत्ती सांगितली. मालूनं हात वर केला आणि चांगल्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "आय ॲम टेंपररी गर्ल."

मुलं हसली. सारांच्या हातातला खडू तसाच राहिला. एरवी चुकीच्या वाक्यावर तुटून पडणारा तो माणूस उठून तिच्याजवळ जाऊन बसला. मग म्हणाला, "असं म्हणत नाहीत, कण्णा. माणसाला हा शब्द लागत नाही."

"तुम्हाला म्हणतात की," मालू म्हणाली. "टेंपररी सार."

तिचं चुकलं नव्हतं. सारांनी मुलांना घरी जायला सांगितलं. मी फळा पुसत होते. सार तिथंच खाली मान घालून बसले होते आणि मालू त्यांच्या पाठीवर रेलून, आपलं वाक्य का चुकलं म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होती. त्या दिवसानंतर घरात तो शब्द सारांनी उच्चारला नाही आणि कपडे कपाटात राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात रघू आणि त्याची बायको आली. मोठं घर घेतलं होतं, मालूची खोली रंगवली होती, शाळा बघून ठेवली होती. ती बिचारी बाई मुलीकडे अशी बघायची, की तिचाही राग करता येईना. मालू तिच्याशी शहाण्यासारखी वागायची, पाहुण्यांशी वागावं तशी, आणि निजायला मामींच्या कुशीत जायची.

मामींनी सारांना एकच मागणं घातलं. ते त्यांनी माझ्या आईसमोर, माझ्यासमोर घातलं, म्हणून मला ठाऊक आहे. "पाचवी होईपर्यंत तरी राहूं दे म्हणून रघूला विचारा. तो तुमचा शब्द मोडायचा नाही. तुम्ही त्याला वाढवलंत." संध्याकाळी सार रघूला घेऊन फिरायला निघाले, तेव्हा मामींनी देवापुढं दिवा लावला आणि तिथंच बसून राहिल्या. मी आणि आई त्यांच्याजवळ थांबलो.

दोघं भाऊ मोठ्या देवळाकडून अंधार पडता पडता परत आले. रघूचे डोळे लाल होते. मामींनी सारांकडे बघितलं. सार पाय धूत म्हणाले, "त्याला वेणी घालायची शिकवली. सुंभाच्या तीन पेडांवर. येईल त्याला."

"आणि?"

"वांगं खात नाही ते सांगितलं. शुक्रवारी डोक्याला तेल लावायचं ते सांगितलं."

"मी सांगितलेलं?"

"तें कसं विचारूं, अगे," सार म्हणाले. "तो तिचा बाप आहे. तो आला. आपण बाजूला व्हायचं."

मामी उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी पानं घेतली. त्या रात्री त्या घरात कुणी नीट जेवलं असेल असं मला वाटत नाही.

निघायच्या दिवशी सारांनी मालूच्या दोन वेण्या घातल्या. एरवी झटपट होणारं काम, पण त्या दिवशी वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची असं चाललं होतं. मालू कंटाळून चिंचोके खेळत बसली होती. शेवटी गाडी चुकेल म्हणून रघूनंच हाक मारली. मामी स्टेशनवर आल्या नाहीत, दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. स्टेशनवर मालू खिडकीत बसून आनंदात होती, तिला विमानाचं कौतुक होतं. सार तिला जरा नीट बसवतो म्हणून डब्यात चढले आणि गाडी सुटली तरी उतरले नाहीत. पापनाशमला उतरून बसनं परत आले. माझ्या वडलांनी विचारलं, तर म्हणाले, "तिला झोप लागली, मग उतरलों." ती जागी असताना त्यांना उतरता आलं नसतं.

आता एक रीत सांगायला हवी. घरचं माणूस प्रवासाला निघालं, की तुमच्याकडेही लगेच केर काढत नाहीत. आमच्याकडे ते अंमळ कडक. माणूस पोचल्याचा निरोप येईपर्यंत घर झाडायचं नाही, झाडलं तर त्याच्या प्रवासाला बाधा येते. शेजारच्या कुंभकोणमला जाणाऱ्यासाठी केलेली ही रीत अमेरिकेला जाणाऱ्यासाठी कशी पाळायची, हे कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. मामींनी ती होती तशी पाळली. झाडू दाराआड उभा राहिला. मधल्या घरात मालूचे चिंचोके पसरलेले, ओढून फेकलेली कनकांबराची फुलं, तिनं टोक काढलेल्या पेन्सिलीची सालपटं, फणीतून निघालेला केसांचा गुंता. सार त्यातून पाय जपून टाकत चालायचे.

फोन आला. मी ओट्यावर मुलांना शिकवत होते, सेल्वमनी हाक मारली आणि सार उठून धावत गेले. परत आले ते सावकाश. मामी दारात येऊन उभ्या होत्या. "लाइन लागली नाही," सार म्हणाले. "आवाजच येत नव्हता. पुन्हा करतील." मामी "सरी" म्हणाल्या, म्हणजे बरं, आणि आत गेल्या.

संध्याकाळी वडील बूथवर गेले होते, ते सांगत आले. लाइन स्वच्छ लागली होती. मालू पोचली होती, चांगली पाच मिनिटं बोलली होती. सारांनी फक्त "हां, कण्णा, हां" म्हटलं होतं आणि रिसीव्हर ठेवल्यावर सेल्वमच्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिले होते. आईनं मला एवढंच बजावलं, की मामींपाशी तोंड उघडायचं नाही.

गल्लीतही कुणी उघडलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी आमच्या गल्लीत कुणाच्या घरी दुधाची पिशवी फुटली तरी चारचौघी विचारायला येतात, पण सारांच्या घरापुढून बायका खाली बघून जायच्या. दारात सडा नाही, रांगोळी नाही. आमच्याकडे असं दार सुतकातच दिसतं. आत धूळ साठत होती, फुलं वाळून काळी पडली, मुंग्या झाल्या. संध्याकाळी केर काढल्याशिवाय दिवा कसा लावायचा, म्हणून मामी देवापुढची हातभर जागा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायच्या. पुसणं म्हणजे झाडणं नव्हे, अशी त्यांनी सोय काढली होती. शिकवणीच्या मुलांना सार उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. मध्येच उठून दारापर्यंत जायचे, आत बघायचे, परत येऊन बसायचे. मला त्या घराकडे बघवत नव्हतं. भाबड्या मामी अजून पोरगी वाटेत आहे म्हणून घाबरत असतील, या विचारानं मला त्यांच्याकडेही बघवत नव्हतं आणि सारांचा थोडा रागही येत होता.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण सारांच्या वडलांचं श्राद्ध आलं. ती तिथी पुढं ढकलता येत नाही. ब्राह्मण येणार, घर धुऊन काढायला हवं. आदल्या दिवशी दुपारी सार ओट्यावर मुलांना धडा वाचून दाखवत होते, मी शेजारी बसले होते. आत मामींनी पदर खोचला आणि दाराआडचा झाडू उचलला. झाडण्याचा आवाज नव्हता झाला, नुसता उचलल्याचा झाला, तेवढ्यानं सार पुस्तक टाकून आत गेले.

"अगे, राहूं दे," ते म्हणाले. "अजून फोन कुठं आला?"

मामी झाडू हातात धरून उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढला नाही, रोजच्यासारखाच होता.

"पोचली ती," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीच पोचली. मला सेल्वमच्या बायकोनं नळावर सांगितलं. तुम्हाला हवं होतं, म्हणून थांबलें. मलाही हवं होतं. आता उद्या भटजी येतात. झाडूं द्या."

सार उभेच राहिले. मग कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. मामी वाकल्या आणि खिडकीपासून झाडायला लागल्या. दुखऱ्या बोटांत झाडू नीट धरता येत नव्हता, तरी चिंचोके, फुलं, केस, सगळं हळूहळू पुढं येत होतं. त्या खुर्चीपाशी आल्या, तेव्हा खालचं झाडता यावं म्हणून सारांनी लहान मुलासारखे दोन्ही पाय वर उचलून धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मामी खुर्चीखालचं काढून पुढं सरकल्या, मधलं घर झालं, स्वयंपाकघराकडे गेल्या. सारांनी पाय खाली ठेवले नव्हते.